शेजाऱ्यांचे बळ : केरळातील ‘कुटुंबश्री’ची कार्यपद्धती

दारिद्र्याची मोजदाद दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार दुरून मोजण्याचा. निवडक कुटुंबांची पाहणी करून, त्यांच्या खर्चाचा हिशेब मांडून, एखाद्या राज्यात शेकडा किती लोक दरिद्री आहेत हे सांगता येते. धोरण ठरविण्यास हा आकडा आवश्यक असतो. परंतु त्या आकड्यातील माणसे कोण, ती कोणत्या घरात राहतात, त्यांना नेमकी कशाची उणीव आहे, हे तो सांगू शकत नाही. दुसरा प्रकार जवळून पाहण्याचा. कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, कोणाचे छप्पर यंदाच्या पावसात टिकणार नाही, कोणाचा मिळवता मुलगा अंथरुणाला खिळला आहे, हे शेजाऱ्याला विचारावे लागत नाही; ते त्याला ठाऊक असते. मात्र हे ज्ञान सहसा शेजारापुरतेच राहते. ते सरकारी कचेरीपर्यंत पोहोचत नाही आणि त्यातून कोणतीही योजना आकारास येत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला संघटित रूप देऊन त्यातून दारिद्र्यनिर्मूलनाची यंत्रणा उभी करण्याचा एक मोठा प्रयत्न केरळ राज्यात झाला. तो ‘कुटुंबश्री’ या नावाने ओळखला जातो. नावाचा अर्थ मराठी वाचकास सांगावयास नको. सुमारे ४५ लाख स्त्रिया आणि सुमारे तीन लाख शेजारगट असा तिचा विस्तार आहे. परंतु तिचे महत्त्व या संख्येपेक्षा तिच्या रचनेत अधिक आहे, आणि ती रचना समजून घेणे हाच या प्रकरणाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

साक्षरता आणि आरोग्य यांबाबत केरळचा आज जो लौकिक आहे, त्यावरून हे राज्य पूर्वीपासूनच सुस्थितीत असावे अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. नियोजन आयोगाच्या अंदाजानुसार १९७३-७४ साली देशातील सुमारे ५५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. केरळात हे प्रमाण जवळजवळ ६० टक्के होते. जमीन थोडी, लोकवस्ती दाट, तांदूळ बाहेरून आणावा लागे आणि काथ्या व काजू यांसारख्या उद्योगांत मजुरी अत्यल्प होती.

त्यानंतरच्या काळात या स्थितीत पालट झाला तो अनेक कारणांनी. १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या जमीन सुधारणांमुळे कुळांना जमिनीची मालकी मिळाली. इतकेच नव्हे, तर जमीनदाराच्या वाडीत झोपडी बांधून राहणाऱ्या भूमिहीन मजुरालाही आपल्या झोपडीभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. पंचायतीच्या हद्दीत ही मर्यादा दहा सेंट, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे, एवढी होती. जागा लहान खरी, पण त्यामुळे ‘येथून चालता हो’ असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा उरली नाही. स्वस्त धान्याची दुकाने, शाळा, दवाखाने आणि आखाती देशांतून येणारा पैसा यांनीही आपापला वाटा उचलला. पुढे १९९०-९१ च्या साक्षरता मोहिमेत हजारो स्वयंसेवक घरोघर गेले आणि १८ एप्रिल १९९१ रोजी राज्य पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. लोकांनी मोबदल्याविना, ठरावीक मुदतीत, घरोघर जाऊन एखादे काम तडीस नेण्याची सवय या मोहिमेने अंगी बाणवली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. महाराष्ट्रातील गावाप्रमाणे एका गावठाणात एकवटलेली वस्ती केरळात सहसा आढळत नाही. प्रत्येक घर आपापल्या परसात, नारळीच्या छायेत उभे असते आणि एक गाव कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हे परक्याला कळत नाही. अशा ठिकाणी ‘गाव’ हा संघटनेचा स्वाभाविक घटक ठरत नाही, ‘शेजार’ ठरतो.

आलप्पुळा येथील प्रारंभ

काथ्याच्या धंद्यास उतरती कळा लागलेल्या आलप्पुळा या किनाऱ्यावरील शहरात, १९९१ नंतरच्या वर्षांत, युनिसेफच्या साहाय्याने एक पोषण कार्यक्रम हाती घेण्यात आला. कार्यक्रम माता व बालके यांच्यासाठी होता. त्याचा लाभ कोणास द्यावा हे ठरविताना उत्पन्नाचा दाखला निरुपयोगी आहे, असे कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न त्या कुटुंबालाही सांगता येत नाही. आणि जो सांगू शकतो तो कमी सांगतो.

यास्तव उत्पन्न बाजूस ठेवून, डोळ्यांना दिसणाऱ्या नऊ खुणा निश्चित करण्यात आल्या : घर कच्चे असणे, शौचालय नसणे, पिण्याचे शुद्ध पाणी जवळपास न मिळणे, मिळवती व्यक्ती एकच असणे अथवा मुळीच नसणे, दिवसाकाठी दोन वा त्याहून कमी वेळा जेवण मिळणे, पाच वर्षांखालील मुले असणे, घरात दारूचे वा अमली पदार्थाचे व्यसन असणे, प्रौढ व्यक्ती निरक्षर असणे, आणि कुटुंब अनुसूचित जातीजमातीचे असणे. नवांपैकी चार अथवा अधिक खुणा ज्या घरी आढळतील ते घर गरीब मानावे, असा नियम ठरला.

या पद्धतीचा गुण असा की, पडताळणीसाठी अधिकाऱ्याची गरज नाही. शेजारीण खोटे बोलू शकत नाही, कारण तिच्यासमोर बसलेल्या इतर एकोणीस जणींना सत्य माहीत असते. शिवाय दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाचा अभाव नव्हे, तर अनेक उणिवांची एकमेकींत गुंतलेली साखळी होय, ही गोष्टही या यादीतून आपोआप स्पष्ट होते. ज्या घरी पाणी नाही तेथे नळ हवा. ज्या घरी व्यसन आहे तेथे केवळ कर्ज देऊन भागणार नाही.

आलप्पुळा शहरातील हा प्रयोग १९९४ साली मलप्पुरम जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नेण्यात आला. पुढे १७ मे १९९८ रोजी मलप्पुरम येथेच तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते ‘कुटुंबश्री’चे राज्यव्यापी उद्घाटन झाले. तत्पूर्वी, १९९६ च्या ऑगस्टमध्ये, केरळात लोकनियोजन मोहीम सुरू झाली होती व राज्याच्या योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के भाग पंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपविण्याचे ठरले होते. पंचायतीपाशी पैसा आला आणि शेजारगटापाशी माहिती होती. या दोहोंची गाठ घालून देणे हेच कुटुंबश्रीचे मुख्य कार्य होय.

तीन पायऱ्यांची रचना

सर्वांत खालचा घटक म्हणजे ‘अयल्‌कूट्टम’. मलयाळम भाषेत ‘अयल्’ म्हणजे शेजार आणि ‘कूट्टम’ म्हणजे मेळा. दहा ते वीस शेजारघरांतील प्रत्येकी एक स्त्री तिची सभासद असते. मराठी वाचकांस बचत गट परिचित आहे. परंतु दोहोंत एक भेद आहे. बचत गट मनाजोग्या मैत्रिणींचा होऊ शकतो. अयल्‌कूट्टम हा शेजाराचा असल्यामुळे जिच्याशी कुंपणावरून भांडण झाले तिच्याही मांडीला मांडी लावून बसावे लागते. प्रारंभी सभासदत्व गरीब कुटुंबांपुरते होते. २००८ च्या नियमावलीपासून ते सर्व कुटुंबांतील स्त्रियांना खुले झाले आणि पदाधिकाऱ्यांत गरीब कुटुंबांतील स्त्रियांना स्थान राखण्याची तरतूद करण्यात आली.

प्रत्येक गटात पाच जणी विनावेतन जबाबदारी उचलतात. अध्यक्षा आणि चिटणीस या दोघींखेरीज एक स्वयंसेविका आरोग्य व शिक्षण पाहते, दुसरी उत्पन्नाची साधने पाहते आणि तिसरी पाणी, रस्ते, घरे इत्यादी सोयी पाहते. एका वॉर्डातील सर्व गटांच्या या पाच-पाच जणी मिळून ‘क्षेत्र विकास संस्था’ बनते. पंचायतीतील सर्व वॉर्डांच्या संस्था मिळून ‘समुदाय विकास संस्था’ बनते. ती नोंदणीकृत असते, तिची अध्यक्षा निवडणुकीने ठरते आणि कामकाजासाठी तिला एक शासकीय सदस्य-सचिव दिलेला असतो. अशा सुमारे १,०७० संस्था राज्यात आहेत.

वर पंचायत, खाली गट आणि मधे हा दुवा. संस्था पंचायतीच्या अधीन नाही व तिच्याशी प्रतिस्पर्धाही करीत नाही. ती पंचायतीच्या दारात उभी राहून सांगते की, अमुक वॉर्डात अमुक सात घरांना शौचालय नाही. ही त्यांची यादी.

साप्ताहिक बैठक

या सर्व डोलाऱ्याचा पाया म्हणजे आठवड्याची बैठक. ती कोणा एकीच्या घरी न भरता पाळीपाळीने प्रत्येकीच्या घरी भरते. या साध्या नियमात मोठे मर्म आहे. जिचे घर गळके आहे तिच्याही घरी बैठक होते आणि मग त्या घराविषयी निराळा अहवाल लिहिण्याची आवश्यकता उरत नाही.

बैठकीत प्रथम बचत गोळा केली जाते व प्रत्येकीच्या पासबुकात तिची नोंद होते. समजा, वीस जणींनी दर आठवड्यास प्रत्येकी २० रुपये दिले, तर आठवड्याचे ४०० व वर्षाचे २०,८०० रुपये होतात. ही रक्कम बँकेच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. परंतु मुलाच्या तापासाठी रात्री अडीचशे रुपये हवे असणाऱ्या आईच्या दृष्टीने तसे नाही. कर्ज कोणास प्रथम द्यावे हे बैठकच ठरविते. येथे तारण नसते, जामीनदार नसतो. शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरू नये ही भावना हेच तारण.

केरळात खासगी सावकारीला लोक ‘ब्लेड’ म्हणतात. ती कापते, पण कापल्याचे उशिरा कळते. समजा, एखादीने सावकाराकडून ५,००० रुपये दरमहा शेकडा दहा दराने घेतले, तर वर्षअखेर नुसते व्याजच ६,००० रुपये होते आणि मुद्दल तसेच राहते. तेच कर्ज द.सा.द.शे. १२ दराने घेतल्यास वर्षाचे व्याज ६०० रुपयांहून अधिक होत नाही. दरमहा थोडे मुद्दल फेडत गेल्यास त्याहूनही कमी होते. हा जो फरक, तो त्या घरातील दूध, पुस्तके आणि औषधे यांच्या वाट्यास येतो.

जून २०१८ मध्ये पालक्काड जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या सहकार्याने एक योजना सुरू झाली. तीत सहकारी बँक गटाला कर्ज देते आणि गट ते सावकाराच्या विळख्यातील घरांना दारात नेऊन देतो व आठवड्याच्या हप्त्यांनी वसूल करतो. तिचे नाव ‘मुट्टत्ते मुल्ल’, म्हणजे अंगणातली जाई. अंगणातल्या जाईला सुगंध नसतो अशी मलयाळममध्ये म्हण आहे; आपल्याकडे ‘पिकते तेथे विकत नाही’ म्हणतात तसा तिचा आशय. अंगणातल्या गोष्टीचे मोल आपणास कळत नाही, पण संकटात तीच उपयोगी पडते, हे योजनेचे नाव सुचविते.

गट काही काळ नियमित चालला की बँकेशी त्याची जोडणी होते. नाबार्डने आखून दिलेल्या निकषांवर गटाची प्रतवारी केली जाते : बैठका वेळेवर होतात की नाही, उपस्थिती किती, हिशेब कसे ठेवले आहेत, परतफेड कितपत होते. योग्य ठरलेल्या गटास त्याच्या बचतीच्या पटीत कर्ज मिळते. ज्या स्त्रीला एकटीला बँकेच्या दारात कोणी उभे केले नसते, तिच्यासाठी गटाचा हिशेबाचा वही-खातेच पतपत्र ठरतो.

खालून वर जाणारा आराखडा

बचत हे कुटुंबश्रीचे अर्धेच अंग होय. दुसरे अंग नियोजनाचे. प्रत्येक गट आपल्या घरांच्या गरजा लिहून सूक्ष्म आराखडा करतो. वॉर्डाची संस्था ते आराखडे एकत्र करते. आणि समुदाय विकास संस्था त्यांतून पंचायतीसाठी एकच दारिद्र्यनिर्मूलन आराखडा सिद्ध करते. या प्रवासात प्रत्येक पायरीवर गाळणी लागते. एका घरापुरती असलेली गरज गटाने भागवावी, अनेक घरांची असेल ती वॉर्डाने मांडावी आणि साऱ्या गावाची असेल ती पंचायतीने पुरी करावी, असा क्रम अभिप्रेत आहे. ग्रामसभेत याच स्त्रिया संख्येने उपस्थित राहतात. म्हणून त्यांच्या यादीकडे दुर्लक्ष करणे सदस्यांना जड जाते. २०१० च्या निवडणुकीपासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा हजारो कुटुंबश्री सभासद उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या व अनेक जणी निवडून आल्या. चिटणिसाची वही लिहिता लिहिता त्यांचे सार्वजनिक कारभाराचे शिक्षण झाले होते.

उत्पन्नाच्या साधनांत सामूहिक शेतीचा उल्लेख विशेषत्वाने करावयास हवा. केरळात भातखाचरे मोठ्या प्रमाणावर पडीक राहू लागली होती. मालक परगावी, मजूर महाग. चार ते दहा स्त्रियांचे गट अशी जमीन कसावयास घेऊ लागले. त्यांना बँकेचे कर्ज मिळाले ते संयुक्त जबाबदारीवर, म्हणजे एकीचे कर्ज सर्वांनी फेडण्याच्या हमीवर. मात्र येथे एक विसंगती आहे. ज्या जमीन सुधारणांनी कुळांना मालक केले, त्यांनीच नव्याने कूळ लावण्यास मनाई केली. परिणामी या स्त्रियांपाशी बहुधा जमिनीचा लेखी करार नसतो. तीन वर्षे तण काढून, माती सुधारून खाचर पिकते केल्यावर मालकाने ते परत मागितले, तर त्यांचे श्रम त्याच्या पदरात पडतात. गरिबांना संरक्षण देणारा एका पिढीचा कायदा पुढच्या पिढीतील गरिबांच्या आड कसा येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जे गटातही नव्हते

दर आठवड्यास बचत करावयाची तर हातात काहीतरी यावे लागते. ज्याच्या हातात काहीच येत नाही, तो गटाबाहेर राहतो. निराधार वृद्ध, मनोरुग्ण, रस्त्यावर झोपणारे, डोंगरातील आदिवासी व समुद्रकाठचे कोळी यांच्यापैकी कित्येक जण या जाळ्यातून निसटले. गरिबांची संघटनाही सर्वांत गरिबाला विसरू शकते, ही गोष्ट कुटुंबश्रीला लवकरच उमगली. २००२ साली सुरू झालेल्या ‘आश्रय’ योजनेत शेजारगटांनीच आपल्या परिसरातील निराधार कुटुंबे हुडकून काढली आणि त्यांपैकी प्रत्येकासाठी अन्न, औषध, निवारा अशा गरजांची स्वतंत्र यादी पंचायतीपुढे ठेवली.

पुढे २०२१ साली राज्य सरकारने अतिदरिद्री कुटुंबांचा शोध घेण्याचे ठरविले. अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि निवारा या चार बाबींचा निकष लावण्यात आला. वॉर्डावॉर्डांतून नावे सुचविणाऱ्यांत कुटुंबश्रीच्या स्वयंसेविका होत्या. ग्रामसभांनी याद्या संमत केल्या. राज्यभरातून ६४,००६ कुटुंबे निश्चित झाली व प्रत्येकासाठी वेगळा सूक्ष्म आराखडा तयार झाला. कित्येकांपाशी शिधापत्रिका वा आधारपत्रही नव्हते. त्यांच्या बाबतीत साहाय्याची पहिली पायरी म्हणजे त्यांचे अस्तित्व कागदावर आणणे. नंतरच्या पडताळणीत मृत्यू, स्थलांतर इत्यादी कारणांनी काही नावे कमी झाली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, केरळ अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा करण्यात आली. या घोषणेविषयी मतभेद आहेत. निकष पुरेसे व्यापक होते काय, आदिवासी कुटुंबांची गणना नीट झाली काय, असे प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी व कार्यकर्त्यांनी उपस्थित केले. हे प्रश्न रास्त आहेत. कारण यादीत ज्याचे नाव नाही त्याच्याविषयी ती यादी मूक असते.

मर्यादा आणि धोके

स्वयंसेवी श्रमावर उभारलेल्या कोणत्याही यंत्रणेस एक व्याधी जडण्याचा संभव असतो : जो काम करतो त्याच्याच अंगावर नवे काम पडते. एखादी पाहणी करावयाची आहे, लसीकरणासाठी लोक जमवायचे आहेत, सभेला उपस्थिती हवी आहे. प्रत्येक खाते कुटुंबश्रीकडे वळते. २०१८ च्या महापुरानंतर चिखलाने भरलेली घरे व कचेऱ्या साफ करण्यास याच स्त्रिया धावल्या. २०२० साली साथीच्या काळात वीस रुपयांत जेवण देणारी लोकभोजनालये त्यांनीच चालविली; आणि पुढे २०२३ साली शासनाने अनुदान थांबविले तेव्हा ताळेबंद जुळविण्याची पाळीही त्यांच्यावरच आली. घरकाम, मजुरी व गटाचे काम असा तिहेरी भार ज्या खांद्यावर पडतो, त्या खांद्याचा विचार योजनाकर्त्यांनी क्वचितच केला आहे.

दुसरा धोका राजकीय आहे. लाखो स्त्रियांची संघटना कोणत्याही पक्षास हवीशी वाटणारच. निवडणुकांच्या वेळी गटांत तट पडतात व लाभार्थींच्या यादीवर पक्षाची छाया पडल्याच्या तक्रारी होतात. परंतु याच संघटनेने, तिचा निधी दुसरीकडे वळविला जात असल्याच्या आक्षेपावरून, ऑक्टोबर २०१२ मध्ये तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर आठवडाभर धरणे धरले होते, हेही नमूद केले पाहिजे. सरकारने जन्मास घातलेली संस्था सरकारलाच जाब विचारू शकते काय, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

तिसरी मर्यादा आर्थिक आहे. लोणची-पापड, शिवण, उपाहारगृहे, कचरासंकलन असे अनेक उद्योग गटांनी काढले. त्यांनी घरखर्चाला हातभार लावला. तथापि बऱ्याच उद्योगांचे उत्पन्न मजुरीच्या पातळीपलीकडे गेले नाही. शिकलेल्या मुलीस तिच्या शिक्षणाजोगे काम मिळवून देणे शेजारगटाच्या आवाक्यातील नव्हे.

तेव्हा शेजारगट काय करू शकतो व काय करू शकत नाही, हे वेगवेगळे पाहणे इष्ट. तो जमिनीचे वाटप करू शकत नाही, कारखाने काढू शकत नाही, बाजारभाव ठरवू शकत नाही. केरळात जमीन सुधारणा, शाळा, दवाखाने आणि पंचायतीच्या हाती आलेला पैसा ही पूर्वतयारी झाली नसती, तर केवळ आठवड्याच्या बैठकांनी दारिद्र्य हटले नसते. अन्य राज्यांत बचत गटांची संख्या वाढूनही फळ तुलनेने कमी मिळाले असेल, तर त्याचे एक कारण येथे शोधावे लागेल : तेथे स्त्रियांना बचत करावयास सांगितले गेले, पण त्यांच्या यादीचा स्वीकार करणारी व त्यासाठी पैसा राखून ठेवणारी पंचायत समोर नव्हती.

परंतु ही पूर्वतयारी असेल, तर जे काम कचेरीस जमत नाही ते शेजार करतो. मदत कोणास हवी हे तो ओळखतो, मदत पोहोचली की नाही हे तो पाहतो, आणि न पोहोचल्यास पुढच्या आठवड्याच्या बैठकीत पुन्हा तोच प्रश्न विचारतो. कुटुंबश्रीच्या चिटणिसाच्या वहीत एखादे नाव एकदा लिहिले गेले की, त्या घराचे पुढे काय झाले हे दर आठवड्यास कोणीतरी विचारीत राहते.